अण्णांची वही, साडेसहा आण्याचं काडतूस आणि रिकामा झालेला माळ

मा. संपादक साहेब, स.न.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात जुन्या भावांचा तक्ता आला होता, ज्वारी एवढी, साखर एवढी, सोनं एवढं, आणि खाली मोठ्या अक्षरात गेले ते दिवस. माझ्या नातवानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला आबा तुमची तर चैनच होती की. मी म्हणालो थांब जरा, आणि कपाटातून अण्णांची म्हणजे माझ्या वडलांची हिशोबाची आणि शिकारीची वही काढली. तेव्हापासून ती परत आत ठेवलेलीच नाही, रोज दुपारी वाचत बसतो, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण जीपचा भाग कापू नका एवढी विनंती.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशन आम्हाला जवळ. आता तिकडं कुणी आलं तर ऊस, केळी आणि उजनीचं पाणी दिसतं, पण मी सांगतोय ते धरणाच्या आधीचं. तेव्हा नजर जाईल तिथपर्यंत माळ, कुसळाचं गवत, मधूनच एखादी बाभळ नाहीतर बोरीचं झुडूप. अण्णांची ४० एकर जमीन, ऐकायला ४० एकर, पण सगळी जिरायत, पाऊस झाला तर ज्वारी नाहीतर नुसती ढेकळं. पण अण्णांकडं दोन गोष्टी होत्या ज्या गावात कुणाकडं नव्हत्या, एक दुनळी बंदूक आणि दुसरी ही वही.

बंदूक विलायती, बारा बोअरची, १९५४ साली एका रिटायर झालेल्या फौजदारांकडून ३२५ रुपयांना घेतलेली. वहीत पहिल्याच पानावर आहे, आणि त्याच पानावर खाली खिलार बैलजोडी ४१० रुपये. म्हणजे बंदूक बैलजोडीपेक्षा थोडी कमी. आईनं त्यावरून आठ दिवस अबोला धरला होता असं ती स्वतःच सांगायची. बारा बोअर म्हणजे काय हे आजकालच्या पोरांना माहीत नसतं, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. आमच्या बंदुकीची डावी नळी तोंडाला जरा आवळ, लांबच्या नेमासाठी, आणि उजवी सरळ. अण्णा म्हणायचे उजवी घाईची आणि डावी विचाराची.

काडतुसं तेव्हा कागदाची असायची, बूड पितळेचं. पावसाळ्यात ती ओल धरून फुगायची आणि नळीत जायची नाहीत, म्हणून अण्णा डालड्याच्या डब्यात घालून डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचे (आईला त्याची भीती वाटायची, ती रोज डबा जरा लांब सरकवायची आणि अण्णा परत जवळ आणायचे). बार झाल्यावर रिकामं काडतूस आम्ही पोरं पळवायचो, ओठाला लावून फुंकलं की शिट्टी वाजायची. त्याला जळक्या दारूचा वास असायचा तो मला अजून आठवतो, दिवाळीत फटाके वाजले की पोरं फटाके बघतात आणि मला अण्णा दिसतात.

वही अशी आहे की डाव्या पानावर बाजारहाट आणि उजव्या पानावर शिकार. एक पान जसंच्या तसं देतो, १९५६ चा कार्तिक महिना. डावीकडं, ज्वारी पायली १ रु. १० आणे, गूळ, रॉकेल, चहापत्ती, आणि काडतुसं १० नग ४ रुपये. उजवीकडं, तितर ५, ससा १, फुकट ३. फुकट म्हणजे नेम चुकून वाया गेलेलं काडतूस. प्रत्येक पानावर हा फुकटचा आकडा आहेच, एकदाही लपवलेला नाही. रुपयाचे सोळा आणे, तेव्हा १० काडतुसं ४ रुपयाला म्हणजे एक साधारण साडेसहा आण्याला पडलं. आता तुम्ही म्हणाल वा काय स्वस्ताई. पण त्याच वहीत डाव्या पानावर खुरपणीचे पैसे पण आहेत, बाईला दिवसाला १२ आणे आणि गड्याला सव्वा रुपया. म्हणजे एक काडतूस म्हणजे एका बाईची अर्धा दिवस उन्हात वाकून केलेली खुरपणी. आज आमच्याकडं बाईची हजेरी तीनशे-साडेतीनशे आहे आणि काडतूस शंभराच्या आगेमागे मिळतं, म्हणजे हिशोब मांडला तर काडतूस आज स्वस्त झालंय आणि त्या काळी महाग होतं! हे मी नातवाला पाटीवर मांडून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. सोन्याचं मात्र उलटं आहे. १९७० च्या सुमाराला तोळा पावणेदोनशे-दोनशेच्या घरात, बाईची हजेरी दोन-अडीच, म्हणजे ऐंशी दिवसांच्या खुरपणीत तोळा यायचा. आज तीनशे दिवस राबली तरी येत नाही. तेव्हा नुसता तक्ता छापून उपयोग नाही साहेब, शेजारी त्या सालची मजुरी पण छापा, मग वाचणाऱ्याला कळेल स्वस्त कुणाला होतं.

१९५७ ला नये पैसे आले, रुपयाचे शंभर, तेव्हाचा घोळ पण वहीत आहे. आण्याला सव्वासहा पैसे, सव्वा कुठून आणणार, मग दुकानदार घेताना सात धरायचा आणि देताना सहा. अण्णांनी दोन वर्षं दोन्ही हिशोब समोरासमोर लिहिलेत, एकीकडं आणे आणि एकीकडं पैसे.

माझ्या हातात बंदूक पहिल्यांदा आली १९५९ ला, तेव्हा मी १२ वर्षांचा. धरायला दिली, उडवायला नाही. वर्षभर मी नुसती रिकामी बंदूक खांद्यावर घेऊन अण्णांच्या मागून चाललो, नळी कायम जमिनीकडं, बांध ओलांडताना मोडून म्हणजे मधून उघडून धरायची, माणसाकडं चुकूनही वळवायची नाही. एकदा वळली तर कानाखाली बसली आणि महिनाभर बंदुकीला हात लावू दिला नाही. पहाटे निघायचो, पायात वहाणा, खिशात भाकरी आणि ठेचा, आणि मोजून तीन काडतुसं. तीनच. मी विचारलं चार का नको, तर म्हणाले चौथं असलं की पहिल्याला माणूस नीट नेम धरत नाही.

आमच्या बरोबर एक फासेपारधी म्हातारा असायचा, सगळे त्याला बाबाच म्हणायचे. त्याच्याकडं पिंजऱ्यात पाळलेला तितर होता, तो पिंजरा झुडपात ठेवायचा, आतला तितर ओरडला की रानातला भांडायला यायचा आणि फाशात अडकायचा. बाबाला काडतूस लागत नव्हतं, घोड्याच्या शेपटीच्या केसाचे फासे तो स्वतः वळायचा. सशाची वाट कुठली, खोकडाची कुठली, ओल्या मातीत बोट टेकवून सांगायचा कधी गेलाय. माळाबद्दल मला जे काही कळतं ते सगळं त्याचं. आणि गावात कुठं चोरी झाली की पोलीस सगळ्यात आधी बाबाला उचलायचे, जन्मानंच चोर ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा जाऊन वर्षं झाली होती तरी. सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे त्या कायद्याखाली कोंडून ठेवायच्या वस्तीत, त्याचे नातेवाईक राहिलेले होते, त्याबद्दल तो बोलायचा नाही. अण्णा दर वेळी ठाण्यात जाऊन त्याला सोडवून आणायचे.

भटतितराचं सांगतो, हा तितराहून वेगळा, माळावरचाच पक्षी. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला तो पाण्यावर येतो, घड्याळ लावावं असा. आधी लांबून आवाज येतो, दिसत काही नाही, मग एकदम थवा डोक्यावरून फिरतो आणि पाण्याच्या कडेला उतरतो, पाच-सात घोट घेतो आणि गेला. आमच्या ओढ्याच्या डोहावर शे-दोनशे पक्षी यायचे. अण्णांचा नियम होता पाण्यावर आलेल्यावर नळी धरायची नाही. जाताना, वरून उडताना, तेव्हा धरा, तुमच्यात नेम असला तर मिळेल. हरणीवर कधीच नाही. आणि फाल्गुनानंतर बंदूक खुंटीला, पिलांचे दिवस म्हणून. सरकारचा पण १९५१ चा कायदा होता, शिकारीचं लायसन वेगळं, बंद हंगाम वेगळा, पण आमच्या माळावर कुठला साहेब बघायला येणार होता, अण्णा स्वतःच पाळायचे.

काळवीट वहीत तुम्हाला सगळी मिळून अकराच सापडतील, दहा-बारा वर्षांत. माळढोक एक. १९५८ च्या पौषात. त्या दिवशी सगळ्या वाड्यात मटण वाटलं, माझ्या आठवणीत तो सण होता. एवढा मोठा पक्षी, दोन माणसांनी काठीला बांधून आणला. अण्णांनी त्यापुढं फक्त माळढोक १ असं लिहिलंय, आणि खूप वर्षांनी दुसऱ्या शाईनं त्याच्या खाली एक रेघ मारलीय. का मारली ते मी विचारलं नाही.

आता जीपचं.

महायुद्ध संपल्यावर मिलिटरीच्या जीपा लिलावात निघाल्या होत्या, फिरत फिरत त्या तालुक्याच्या गावापर्यंत आल्या. पेट्रोल स्वस्त, पैसेवाल्याला तर पाण्यासारखं. आमच्या भागात १९६० नंतर अशी एक जीप यायची, चार-पाच माणसं, दोन-तीन बंदुका आणि बॅटरीवर चालणारा मोठा टॉर्च. रात्री माळावर टॉर्च फिरवायचा, लांबवर हिरवे-पिवळे डोळे चमकायचे. हरीण उजेडात जागचं हलत नाही साहेब. ते उभंच राहतं. पन्नास फुटांवर जाऊन बार टाकायचा, त्यात नेम कसला आणि शिकार कसली. त्यांना माळाची माहिती नव्हती म्हणून अण्णांना बरोबर न्यायचे, मोठी माणसं, नाही म्हणणं अवघड. अण्णा तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मी पण होतो, १९६४ साल, मी १७ वर्षांचा, आणि त्या रात्री टॉर्च माझ्या हातात होता. मला त्याचं काय कौतुक वाटलं होतं, बटण दाबलं की अर्धा मैल उजेड. त्या रात्री नऊ हरणं पडली, त्यात पाच हरण्या होत्या आणि त्यातली एक गाभण निघाली. सगळी जीपमध्ये मावली नाहीत, दोन तिथंच टाकून दिली. पहाटे घरी आल्यावर अण्णांनी आंघोळ केली आणि वही काढली. त्या पानावर फक्त ९ हा आकडा आहे. बाजूला नाव नाही, काडतुसं नाहीत, फुकट नाही. डावं पान पण कोरं सोडलंय. परत जीप आली तेव्हा अण्णा घरात असून नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, तू पण नाहीस.

हे मी साठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं, आता सांगतो कारण लोक म्हणतात शिकाऱ्यांनी जंगल संपवलं, आणि आमच्यासारखे जुने लोक म्हणतात नाही हो आम्ही तर नियमानं करायचो. दोन्ही अर्धं अर्धं आहे. अण्णांची तीन काडतुसं आणि बाबाचे फासे यांनी माळ संपला नसता, शेकडो वर्षं संपला नव्हता. माळ संपवला तो स्वस्त पेट्रोलनं, स्वस्तातल्या जीपनं आणि टॉर्चनं. ज्या स्वस्ताईच्या आपण आठवणी काढतो तिनंच पाच-सात वर्षांत हरणं साफ केली. वहीत दिसतं ते. १९६१ ला उजवं पान भरलेलं, १९६६ ला दोन-तीन ओळी, आणि १९६९ ला अण्णांनी लिहिलंय, चार दिवस हिंडलो, तितर २, हरीण दिसले नाही. बाकी गवत पण नांगराखाली जात होतंच, ते विसरून चालणार नाही.

मग १९७२. त्या एका सालात दोन गोष्टी आल्या, दुष्काळ आणि वन्यजीव संरक्षणाचा कायदा. दुष्काळाचं काय लिहू, अख्खं गाव खडी फोडायला, रेशनला लाल मिलो म्हणजे परदेशी ज्वारी, पोरांना सुकडी, ओढ्याचा डोह तळापर्यंत आटला आणि भटतितरं रोज यायची, कोरड्या वाळूवर फिरायची आणि जायची. बाबा त्याच साली गेला. कायदा आमच्यापर्यंत कळायला वेळ लागला, कळला त्या दिवशी अण्णांनी बंदूक उघडली, नळीतून गज आणि चिंधी फिरवली, मशीनचं तेल लावलं आणि खुंटीला लावली, त्यानंतर तिनं जिवंत प्राण्यावर बार काढलेला नाही. पारध्यांच्या पोटावर मात्र त्या कायद्यानं पाय आला आणि त्यांच्या हाताला दुसरं काम कुणी दिलं नाही, हे पण लिहून ठेवलं पाहिजे.

कायदा चांगला झाला हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. १९७९ ला नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं, १९८० ला पलीकडं नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी झालं, आणि काळवीट खरोखर परत आलं. आज आमच्या शेताच्या कडेला तीस-चाळीसचा कळप सहज दिसतो, मी खुर्ची टाकून बघत बसतो. माळढोक परत आला नाही. सगळ्या देशात आता दीडशेसुद्धा राहिलेले नाहीत आणि आमच्याकडं तर दिसणंच बंद झालंय. अण्णांनी रेघ मारली ती त्यासाठीच असणार.

पण आता दुसरी बाजू. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात रानडुकरं आली. आमच्या लहानपणी माळावर डुक्कर औषधाला नव्हतं. आता एका रात्रीत मक्याचा एकर आडवा करतात, भुईमूग तर ठेवतच नाहीत. बिबट्या पण उसातच राहतो, २०२० च्या डिसेंबरात आमच्या तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली, ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. डुकरांसाठी परवानगी काढून मारायचा सरकारी आदेश २०१५ साली निघालेला आहे, पण अर्ज, पंचनामा, शिक्का, आणि तोपर्यंत मका संपलेला. मग लोक काय करतात, तर कुंपणात करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कुत्रं मरतं, बैल मरतो आणि रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस पण मरतो. माझ्या पुतण्याचा मित्र असाच गेला, २६ वर्षांचा. त्यापेक्षा गावात एक-दोन जबाबदार माणसांना शेती संरक्षणाचं लायसन द्या, नेम शिकवा, काडतुसं मोजून द्या आणि मोजून परत घ्या, प्रत्येक काडतुसाचा हिशोब वहीत लिहायला लावा. अण्णांनी कुणी न सांगता अठरा वर्षं लिहिला, सरकारनं सांगितल्यावर लोक का नाही लिहिणार. हरणाला हात लावायचा नाही, तितराला लावायचा नाही, फक्त पिकात घुसलेलं डुक्कर.

आमची बंदूक अजून आहे. अण्णा गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं, त्यासाठी मी एका कचेरीत चौदा चकरा मारल्या, तो वेगळा विषय. आता वारसाच्या नावावर करायची तर मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, तो म्हणतो बाबा कशाला ते लफडं. नातवाला हवीय पण तो १५ वर्षांचा. दर इलेक्शनला ती ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागले की आणायची. ठाण्यातल्या हवालदारानं एकदा विचारलं आजोबा विकून का टाकत नाही. मी त्याला काय सांगणार, की तिच्या दस्त्यावर अण्णांच्या गालाचा घाम मुरलाय म्हणून.

बंदुकीचं काय व्हायचं ते होईल. माझी विनंती वहीबद्दल आहे. माझ्या वयाची माणसं आता जातायत, त्यांच्या घरात अशा वह्या, शिकारीचे जुने परवाने, फोटो पडून आहेत, आणि पोरं लाजेनं नाहीतर अडगळ म्हणून रद्दीत घालतायत, कारण शिकार म्हटलं की आता गुन्हा. अहो पण १९५८ ला कुठल्या माळावर किती तितर होते, भटतितर कुठल्या डोहावर यायचे, माळढोक कुठं दिसला होता, हे त्या वह्यांशिवाय कुठं लिहिलेलं सापडणार? पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पोरांना ते द्या. तुमच्या पेपरातून एक आवाहन करा, नावं छापू नका, कुणावर केस होणार नाही एवढी खात्री वकिलांना विचारून घ्या, आणि वह्या गोळा करा.

माझी वही मी फाडणार नाही की विकणार नाही, ९ आकड्याचं पान पण नाही. ज्याला बघायची असेल त्यानं जेऊरला उतरून फोन करावा, नंबर तुमच्याकडं लिहून देतोय, छापू नका. सकाळी आठच्या आत आलात तर ओढ्याच्या डोहाकडं घेऊन जाईन, मागच्या हिवाळ्यात तिथं परत भटतितर उतरलेले मी पाहिलेत, सहा होते.

आपला,
एक जुना वाचक
ता. करमाळा, जि. सोलापूर